फोनची केबल चालत नाही, दशावताराचे मोठे व्हिडिओ वायफायवरून लॅपटॉपवर कसे घ्यायचे?

पडवीतला:
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे, जरा सविस्तर लिहितो म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही. मी कुडाळ तालुक्यातला. आमच्याकडे कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतार सुरू होतो तो पार उन्हाळ्यापर्यंत चालतो, आणि या हंगामात मी आमच्या आणि शेजारच्या गावांतली नाटकं मंडळाच्या मालकांना विचारून फोनवर शूट करतोय. स्टेजच्या बाजूला पखवाज आणि पेटीवाले बसतात तिथे जवळ ट्रायपॉड लावतो, आवाज छान येतो. आमच्या भागातले एक पखवाजवाले काका आता वयामुळे फार प्रयोग करत नाहीत, त्यांचं अख्खं एक आख्यान माझ्याकडे आहे, ते मला कुठल्याही परिस्थितीत गमवायचं नाहीये.

आता अडचण अशी की फोन भरलाय. १२८ जीबीचा अँड्रॉइड आहे, मेमरी कार्ड टाकायची सोय नाही. चार्जिंगचा पोर्ट बिघडलाय, म्हणजे चार्ज होतो हळूहळू पण लॅपटॉपला लावला की काहीच होत नाही, केबल बदलून बघितल्या. दुकानदार म्हणतो सीसी बोर्ड (चार्जिंग पोर्ट ज्यावर असतो ती आतली छोटी पट्टी) बदलावा लागेल, पार्ट मागवायला लागेल, आणि फोन ठेवून जा. पण आतला डेटा काढल्याशिवाय मी फोन कोणाच्या हातात देणार नाही.

घरी ब्रॉडबँड नाही, नुसता मोबाइल डेटा, रोजचा २ जीबीचा पॅक, रेंज पण बाहेर पडवीत आलं तर. लॅपटॉप विंडोज १० चा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर व्हिडिओचा पार चिखल होतो. ब्लूटूथ लावून बघितलं तर तो वेळच इतका दाखवतोय की कॅन्सल केलं. आधी एक अ‍ॅप होतं फाइल पाठवायचं, ते आता मिळत नाही. तर इंटरनेट न जाळता एवढ्या मोठ्या फाइल्स लॅपटॉपवर नेता येतात का, आणि क्वालिटी तशीच राहील असं?

खटपट्या:
पहिलं एक बघून घ्या, केबल लावल्यावर वरून नोटिफिकेशन खाली ओढलं की 'यूएसबीने चार्ज होत आहे' अशी ओळ येते, तिच्यावर टॅप करून 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं असतं, अँड्रॉइडमध्ये बाय डिफॉल्ट नुसतं चार्जिंगच असतं त्यामुळे लॅपटॉपला काही दिसत नाही. शिवाय बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, फक्त चार्जिंगच्या असतात. हे दोन्ही तपासलं असेल तर मग पोर्टच.

आणि ब्लूटूथचा नाद सोडा. हल्लीच्या फोनमध्येसुद्धा ब्लूटूथवरून फाइल पाठवताना सेकंदाला साधारण दोनशे केबी, फार तर अडीचशे असा वेग मिळतो. गाणी, पीडीएफ यासाठी ठीक आहे. तुमचं एक नाटक किती जीबीचं होतं?

पडवीतला:
@खटपट्या, हो दादा, ती नोटिफिकेशनची ओळच येत नाही, फक्त चार्जिंगचं चिन्ह येतं. ज्या केबलने भावाचा फोन लॅपटॉपवर दिसतो त्याच केबलने माझा दिसत नाही.
एक आख्यान अडीच ते तीन तासांचं. १०८० मध्ये शूट करतो, मिनिटाला १३० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे तीन तासांचे २३ जीबी. आणि फोन ४ जीबी झाले की आपोआप फाइल तोडून नवीन सुरू करतो, त्यामुळे एका नाटकाच्या सहा-सहा फाइल आहेत.

खटपट्या:
मग हिशोबच करा, २३ जीबी ब्लूटूथने म्हणजे ३०-३५ तास. आणि गूगल ड्राइव्हवर टाकायचं म्हणाल तर फुकट जागा १५ जीबी, एक नाटक पण पूर्ण बसत नाही, वर आधी २३ जीबी चढवा मग तेच २३ जीबी लॅपटॉपवर उतरवा, तुमच्या पॅकमध्ये एका नाटकाला तेवीस दिवस. फोन आणि लॅपटॉप एकाच टेबलावर असताना फाइल दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायची काहीच गरज नाही. वायफायला इंटरनेट असावंच लागतं असं नाही हो, दोन्ही यंत्रं एका वायफायवर असली की झालं, फाइल सरळ इकडून तिकडे जाते.

अनु_८८:
@पडवीतला, तुमच्याकडे राउटर नाही तरी चालेल, फोनचा हॉटस्पॉट हाच राउटर समजा. मी सांगते तसं करा, मी फील्डवर्कच्या मुलाखती अशाच लॅपटॉपवर घेते आणि तिकडे बऱ्याच ठिकाणी नेटवर्कच नसतं.

आधी जिथे रेंज चांगली असेल तिथे बसून लोकलसेंड नावाचं अ‍ॅप फोनवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे घालून ठेवा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडायला लागत नाही. डाउनलोडसाठी तेवढा एकदा डेटा लागेल, लहानच आहे. नंतर फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप त्याला जोडा. आता महत्त्वाचं, हॉटस्पॉट चालू ठेवून मोबाइल डेटा बंद करून टाका. बहुतेक अँड्रॉइडवर असं करता येतं, हॉटस्पॉट तसाच राहतो. लॅपटॉपवर 'नो इंटरनेट' असं दिसेल, दिसू दे, आपल्याला इंटरनेट नकोच आहे. डेटा चालू राहिला तर विंडोजला वाटतं चला वायफाय मिळालं आणि तो मागच्या मागे अपडेट उतरवायला बसतो, तुमचे २ जीबी चहा पिऊन येईपर्यंत संपतील. डेटा बंद करता येत नसेल तर निदान त्या नेटवर्कला सेटिंगमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' करा, म्हणजे इथे डेटा मोजून मिळतो हे विंडोजला कळतं.

मग हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बघा. २.४ गिगाहर्ट्झ असेल तर ५ वर टाका, तुमचा लॅपटॉप ५ पकडत असेल तरच, जुन्यात कधी कधी नसतं. फरक खूप पडतो, २.४ वर सेकंदाला चार-पाच एमबी मिळतात तिथे ५ वर वीस-तीस सहज मिळतात, अर्थात फोन आणि लॅपटॉप जवळ पाहिजेत, मध्ये भिंत नको.

दोन्हीकडे अ‍ॅप उघडलं की एकमेकांना ते नावाने दिसतात, अ‍ॅप आपणहूनच प्रत्येक यंत्राला कुठल्यातरी फळाचं नाव देतं. फोनवर फाइल निवडायच्या, लॅपटॉपच्या नावावर टॅप करायचं, लॅपटॉपवर 'स्वीकारा' म्हणायचं. जे काही जातं ते कूटबद्ध होऊन जातं त्यामुळे मध्ये कोणी वाचू शकत नाही, आणि फाइल जशीच्या तशी जाते, एक बाइट इकडचा तिकडे होत नाही.

नाव दिसलंच नाही तर घाबरू नका, नव्वद टक्के वेळा विंडोजचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवणारा पहारेकरी, आडवा आलेला असतो. नवीन वायफाय जोडताना विंडोज त्याला 'पब्लिक' ठरवतो आणि आजूबाजूच्या यंत्रांना लॅपटॉप दिसू देत नाही. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तुमच्या हॉटस्पॉटपुरतं 'प्रायव्हेट' करा. फक्त स्वतःच्या हॉटस्पॉटला हं, एसटी स्टँडच्या किंवा हॉटेलच्या वायफायला कधीच नाही. तरीही नाही दिसलं तर लोकलसेंडमध्ये समोरच्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्राला मिळालेला आकडा) हाताने टाकायची सोय आहे, ती वापरा, हॉटस्पॉटवर आपोआप शोधणं कधी कधी चालत नाही. त्याला नेटवर्कचा पोर्ट ५३३१७ लागतो (हा चार्जिंगचा पोर्ट नव्हे, जोडणीसाठीचं आकड्याचं दार), फायरवॉलने विचारलं तर परवानगी द्या.

आंबोलीचो_घाट:
माका पण ह्योच प्रॉब्लेम इललो गेल्या पावसात. आमच्याकडच्या दमट हवेत चार्जिंग पोर्ट टिकत नाहीत, आतल्या पिना काळ्या पडतात. मी त्या शेअर करायच्या जुन्या अ‍ॅपची एपीके, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, एका साइटवरून मिळवलेली, अजून चालते, हवी तर लिंक देतो. वायफाय डायरेक्टवरून, म्हणजे राउटरशिवाय दोन यंत्रं सरळ जोडून, मस्त स्पीड येतो.

खटपट्या:
@आंबोलीचो_घाट, लिंक नको टाकूस भावा, मनापासून सांगतो. शेअरइट आणि झेंडर दोन्ही २९ जून २०२० ला सरकारने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यात होती, ईएस फाइल एक्सप्लोरर पण. तेव्हापासून प्ले स्टोअरवर आपल्याकडे नाहीत. आता कुठल्यातरी साइटवरची एपीके घालायची म्हणजे त्यात मूळ अ‍ॅपच आहे की कोणी काही घुसवलंय हे तुला कळायचा मार्ग नाही, आणि असल्या अ‍ॅपला आपण स्टोरेज, लोकेशन, कॉन्टॅक्ट सगळ्याची परवानगी देऊन बसतो. ज्या फोनवर बँकेचं अ‍ॅप आणि यूपीआय आहे त्या फोनवर हे करू नये. एवढे चांगले पर्याय असताना तर नाहीच नाही.

सह्यगिरी:
अनु यांनी सांगितलेलं बरोबर आहे पण माझं मत जरा वेगळं. फाइल मोठ्या आहेत, फोन भरलेला आहे, तर मी एफटीपी वापरेन, म्हणजे नेटवर्कवरून फाइल नेण्याची जुनी पद्धत, फोन सर्व्हर होतो आणि लॅपटॉप त्याचे फोल्डर उघडतो. लॅपटॉपवर काहीच घालायला लागत नाही. बऱ्याच फोनच्या स्वतःच्या फाइल मॅनेजरमध्ये एफटीपी असतं, तिथे ते कधी 'रिमोट' कधी 'पीसीला जोडा' अशा नावाखाली लपलेलं असतं. काही फोनमधलं इनबिल्ट मात्र फोन स्वतः वायफायला जोडलेला असेल तरच सुरू होतं, हॉटस्पॉटवर नाही म्हणतं. तसं झालं तर मटेरियल फाइल्स किंवा सीएक्स फाइल एक्सप्लोरर घ्या, दोन्हींत एफटीपी सर्व्हर आहे.

सुरू केलं की फोनवर एक पत्ता दिसतो, सुरुवातीला एफटीपी आणि मग बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा, शेवटी पोर्टचा आकडा. तो जसाच्या तसा लॅपटॉपच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत टाइप करायचा. ब्राउझरमध्ये टाकू नका, क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं. फोनचे फोल्डर समोर येतात, डीसीआयएममध्ये कॅमेरा फोल्डर, तिथून कॉपी करायचं लॅपटॉपवर पेस्ट करायचं.

पण २३ जीबी असतील तर मी एक्सप्लोररच्या भरवशावर राहणार नाही, लॅपटॉपवर फाइलझिला हा एफटीपीचा प्रोग्राम घ्या. मध्येच कनेक्शन तुटलं तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू करता येतं. लोकलसेंडमध्ये मध्ये तुटलं की ती फाइल पहिल्यापासून. ४ जीबीच्या फाइलला हा फरक फार मोठा आहे.

एफटीपीची वाईट बाजू पण सांगतो, ते कूटबद्ध नसतं, पासवर्डसुद्धा उघडा जातो. म्हणून फक्त स्वतःच्या हॉटस्पॉटवर, काम झालं की फोनवरचा सर्व्हर बंद. आणि फाइलांची नावं देवनागरीत असतील तर एक्सप्लोररमध्ये कधी कधी त्याची नुसती चिन्हं होतात. कॅमेऱ्याने दिलेली तारखेची नावं राहू द्या, 'दक्षयज्ञ भाग १' वगैरे नावं लॅपटॉपवर गेल्यावर द्या.

ठाणेकर_काकू:
मी यातली काही फार जाणकार नाही पण क्विक शेअर कोणी कसं सांगितलं नाही? आधी निअरबाय शेअर होतं तेच, २०२४ पासून सॅमसंगचं आणि गूगलचं मिळून एकच क्विक शेअर झालं. विंडोजसाठी त्याचं अ‍ॅप आहे, विंडोज १० किंवा पुढचं आणि ६४ बिट पाहिजे. मुलाने एकदा लावून दिलं, आता मी रोज नातवंडांचे फोटो त्यानेच कॉम्प्युटरवर घेते, फोटोवर शेअर दाबायचं कॉम्प्युटरचं नाव निवडायचं. लॅपटॉपचं ब्लूटूथ चालू पाहिजे, एकमेकांना शोधायला ते लागतं, फाइल मग वायफायने जाते.

माझा पण एक प्रश्न आहे इथेच विचारते. बहिणीच्या सोसायटीत गेस्ट वायफाय आहे, तिथे फोन आणि लॅपटॉप दोन्ही त्याच वायफायवर असूनही लोकलसेंडसारखं एक अ‍ॅप एकमेकांना ओळखतच नाही, घरी तेच चालतं. असं का?

अनु_८८:
@ठाणेकर_काकू, गेस्ट वायफायवर मुद्दामच तसं करून ठेवलेलं असतं. प्रत्येकाला फक्त इंटरनेटपर्यंत जाऊ देतात, एका यंत्राला दुसरं दिसू देत नाहीत, नाहीतर तिथे आलेला कोणीही तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचेल. हॉटेल, हॉस्टेल, कॉलेज सगळीकडे हेच. ते तुमच्या भल्याचंच आहे, तिथे फोनचा हॉटस्पॉट लावा आणि काम करा. आणि क्विक शेअर खरंच चांगलं आहे काकू, फोटोंसाठी मीही तेच सांगेन.

फक्त_पेंग्विन:
लिनक्सवाल्यांसाठी पण लिहून ठेवतो, नंतर कोणी शोधत आलं तर. केडीई कनेक्ट, फोन आणि कॉम्प्युटर जोडणारा प्रोग्राम. विंडोजवर पण चालतं. फाइल तर जातातच पण फोनचे फोल्डर लॅपटॉपवर उघडून बघता येतात, क्लिपबोर्ड पण एक होतो, इकडे कॉपी केलेलं तिकडे पेस्ट. फायरवॉलमध्ये १७१४ ते १७६४ हे पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्ही उघडे ठेवायला लागतात, उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आणि पडवीतला, तुम्ही दर जत्रेनंतर हेच करणार असाल तर सिंकथिंग बघा. एकदा फोनचा कॅमेरा फोल्डर आणि लॅपटॉपवरचा एक फोल्डर जोडला की दोघं एका नेटवर्कवर आले की नवीन फाइल आपोआप जातात. त्यांचं मूळ अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ पासून बंद झालंय, सिंकथिंग फोर्क म्हणून दुसऱ्यांनी पुढे चालू ठेवलेलं आहे ते घ्यायचं. फक्त फोनवर 'सेंड ओन्ली' (फक्त पाठवा) ठेवा आणि जोडलेल्या फोल्डरमधून फोनवर फाइल डिलीट केली की लॅपटॉपवरून पण जाते हे पक्कं ध्यानात ठेवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर आलेल्या फाइल लगेच दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्यायच्या आणि मगच फोन रिकामा करायचा.

पडवीतला:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.
काल रात्री बसलो. आधी अनुताईंनी सांगितलं तसं लोकलसेंड, आपोआप दिसलं नाही, नेटवर्क प्रायव्हेट केलं आणि पत्ता हाताने टाकला मग लगेच झालं. फोटो आणि छोट्या क्लिप सगळ्या त्यानेच गेल्या. मोठ्या फाइलांना सह्यगिरींचं ऐकून मटेरियल फाइल्स आणि फाइलझिला. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ पकडतो हे मला आजच कळलं, सेकंदाला २०-२१ एमबी चाललंय, ४ जीबीची फाइल सव्वातीन मिनिटांत! ब्लूटूथने एका फाइलला अख्खी दुपार जात होती.

पण एक गोष्ट कळत नाहीये आणि त्यात जीव अडकलाय. पखवाजवाल्या काकांच्या आख्यानाची तिसरी फाइल लॅपटॉपवर आली आहे, दिसते आहे, पण चालत नाही. व्हीएलसी प्लेअर पण उघडत नाही. फोनवर तीच फाइल व्यवस्थित चालते. बाकीच्या पाच चालतात. फाइल खराब झाली का?

सह्यगिरी:
फोनवरून काहीही डिलीट करू नका. लॅपटॉपवर त्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइज बाइटमध्ये बघा आणि फोनवर डिटेल्समध्ये बघा. दोन्ही सारखे आहेत का?

पडवीतला:
फोनवर ३.९ जीबी दाखवतोय, लॅपटॉपवर ३.१.

सह्यगिरी:
मग काळजीचं कारण नाही, फाइल अर्धवट आली आहे एवढंच. मूळ फाइल फोनवर शाबूत आहे.
न चालण्याचं कारण असं की एमपी फोर फाइलमध्ये कुठला फ्रेम कुठे आहे, आवाज कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते, आणि फोन रेकॉर्डिंग संपल्यावर ती सगळ्यात शेवटी लिहितो, कारण आधी त्याला माहीतच नसतं किती लांबी होणार आहे. म्हणून फाइलची शेपटी राहिली की नुसता शेवटचा भाग जात नाही, अख्खा व्हिडिओच उघडत नाही. तीन जीबी चित्र आत असूनही प्लेअरला ते वाचता येत नाही. शूटिंग चालू असताना बॅटरी संपून फोन बंद पडला तर व्हिडिओ चालत नाही तेही ह्याच कारणाने, म्हणून जत्रेला पॉवर बँक लावूनच ठेवा.

फाइलझिलामध्ये खाली 'फेल्ड ट्रान्सफर' अशी टॅब आहे तिथे ती फाइल दिसेल. रांगेत परत टाका, विचारेल तेव्हा 'रिझ्यूम' निवडा, उरलेलं तेवढंच येईल. आणि तुटलं कशामुळे तर बहुतेक फोनची स्क्रीन बंद झाली आणि बॅटरी वाचवायला फोनने मागचं अ‍ॅप झोपवलं. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपसाठी बॅटरीचं बंधन काढा, 'नो रिस्ट्रिक्शन्स' किंवा 'अनरिस्ट्रिक्टेड' असं असतं, आणि काम चालू असताना स्क्रीन चालू ठेवा. तुमचा चार्जिंग पोर्ट हळू चार्ज करतो, हॉटस्पॉट आणि एफटीपी दोन्ही बॅटरी खातात, तेव्हा आधी पूर्ण चार्ज करून बसा.

अनु_८८:
ह्यात एक जोड. फोन दुरुस्तीला देण्याआधी प्रत्येक फाइलचा साइज बाइटपर्यंत जुळवा आणि प्रत्येक व्हिडिओ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या मिनिटात उघडून बघा. फार वेळ लागत नाही. मुलाखतींच्या बाबतीत मी याशिवाय फोनवरचं काही पुसत नाही. आणि तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवलेल्या जुन्या ऑडिओ क्लिप असतील तर त्या कॅमेरा फोल्डरमध्ये नसतात. अँड्रॉइड फोल्डर, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप, त्यात व्हॉट्सअ‍ॅप आणि परत मीडिया, तिथे ऑडिओ आणि व्हॉइस नोट्स वेगवेगळ्या फोल्डरमध्ये सापडतील. पार्ट बदलताना दुकानदाराने फोन रिसेट केला तर हे जातं आणि लोकांना नंतर आठवतं.

ठाणेकर_काकू:
बरं झालं सांगितलंस, माझ्या आईच्या आवाजातल्या काही व्हॉइस नोट व्हॉट्सअ‍ॅपवरच आहेत. आजच काढून घेते.

पडवीतला:
झालं! रिझ्यूम केलं, उरलेले आठशे एमबी आले, फाइल चालली, शेवटची भैरवी पण नीट आहे. सगळे बाइट जुळवले. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये मंडळाच्या ग्रुपवर आलेल्या जुन्या कॅसेटवरून केलेल्या नांदीच्या क्लिप सापडल्या, त्या मी विसरूनच गेलो होतो, अनुताई खूप खूप धन्यवाद.

आता शेवटचं. मालकांना आणि पखवाजवाल्या काकांना एकेक पेनड्राइव्ह द्यायचा आहे, ३२ जीबीचे नवीन आणलेत. तुकडे जोडून एकच फाइल केली आहे नाटकाची, ती कॉपी करायला गेलो तर 'फाइल फार मोठी आहे' म्हणतोय, पेनड्राइव्ह तर रिकामा आहे.

खटपट्या:
पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट असतो, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही, जागा कितीही असू दे. तुमचा फोन ४ जीबीला फाइल तोडतो ती मर्यादा आणि ही मर्यादा सारखीच दिसते बघा. पेनड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, तिथे एक्सफॅट निवडा. आत काही असेल तर पुसलं जाईल, नवीन आहे म्हणजे प्रश्न नाही. मग २३ जीबीची फाइल एकसंध बसेल.

फक्त ते काका बघणार कशावर? टीव्हीला लावून बघणार असतील तर आधी त्यांच्या टीव्हीवर एक छोटी क्लिप टाकून बघा, जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. तसं निघालं तर फॅट ३२ च ठेवा आणि मूळ तुकडे क्रमाने ०१, ०२ अशी इंग्रजी आकड्यांची नावं देऊन टाका, बहुतेक टीव्ही ते एकामागून एक लावतात.

पडवीतला:
काकांकडे जुनाच टीव्ही आहे. तुकडेच टाकतो, आणि उद्या जाऊन स्वतः लावून देतो.